मेव्हण्यांचा बँड

ट्रिब्यूट अल्बम या प्रकाराविषयी माझं मत फार वाईट आहे. एखादी बाई जन्मभर घसा फोडून गाते, एक दिवस मरते, आणि तिचं तेरावं व्हायच्या आत कुठले तरी दहा-पंधरा जण तिच्या गाण्यांवर तुटून पडतात. वर म्हणायचं, आम्ही मानवंदना देतोय. मानवंदना कसली, मढ्याच्या टाळूवरचं लोणी. असे अल्बम मी पुष्कळ ऐकलेत. आमच्या मराठी मंडळात तर दर दिवाळीला कुणी ना कुणी माईक धरून कुणाला तरी मानवंदना देतच असतं, आणि ज्यांना द्यायची ते वर बसून कानात बोटं घालत असणार. पण मला माहीत असलेला सगळ्यात भयंकर अल्बम मेक्सिकन आहे. त्यात तिसरं क्लॅरिनेट मी वाजवलेलं आहे, म्हणून तो अजून माझ्याकडे आहे.

आम्ही तेव्हा टेक्ससमधल्या अर्विंगला राहत होतो, विमानतळाच्या बाजूला, एका अपार्टमेंटच्या वरच्या मजल्यावर. मधली जमीन इतकी पातळ की खालच्या घरात कुणी शिंकलं तर माझी आई वरून 'शतंजीव' म्हणे. खाली चुई आणि लुपे हे जोडपं राहायचं. चुई आठवडाभर लोकांच्या घरांवर छपरं घालायचा आणि शनिवारी दुपारी ट्युबा वाजवायचा. ट्युबा म्हणजे ते पितळेचं अवाढव्य कर्ण्यासारखं वाद्य, जे अंगावर चढवून वाजवतात. त्यानं पहिला सूर लावला की आमच्या फळीवरचे स्टीलचे डबे गुणगुणायला लागत. पोह्याचा डबा सगळ्यात आधी. आईनं त्याच्याखाली फडकं घालून पाहिलं, मग नाद सोडला. दुपारचा तिचा चहा त्या गुणगुणीतच व्हायचा आणि मला वाटतं तिला ती आवडायची, कारण फडकं तिनं दुसऱ्याच दिवशी काढून घेतलं होतं.

बाबांना ते सहन होत नसे. बाबा पुण्याचे, आणि त्यांचं नाक जन्मतःच मुरडलेलं होतं. एका टेलिफोन कंपनीत ते इंजिनिअर होते. अमेरिकेत येऊन त्यांनी काय मिळवलं असेल तर नावं ठेवायला एक आख्खा नवीन खंड. इथल्या ब्रेडला चव नाही, इथल्या टोमॅटोला वास नाही, इथल्या मराठी माणसांना गाणं कळत नाही. ते स्वतः भावगीतं म्हणत, दर वेळी पहिल्या अंतऱ्यात बेसूर होत आणि पेटीवाल्याकडे रागानं बघत. "काय लावलंय हे? कुणाची वरात निघालीय का?" ते जमिनीवर टाच आपटून म्हणत. मी एकदा सांगितलं की या संगीताला बांदा म्हणतात. तर म्हणाले, "बांदा सावंतवाडीच्या पुढे आहे. हे नुसतं बँडवाल्यांचं केकाटणं आहे." चुईच्या बँडाचं खरं नाव मात्र 'लोस कुन्यादोस' होतं. त्याचा अर्थ मेव्हणे. नाव अगदी बरोबर होतं, कारण चुई सोडला तर बहुतेक सगळे लुपेचे भाऊ होते आणि लुपेचं त्यांच्याविषयीचं मत बाबांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं.

आईचं आणि लुपेचं जमायचं. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं होतं, त्यामुळे कुणालाच कुणाची लाज वाटत नसे. ज्वारीचं पीठ मिळायचं नाही म्हणून आई कासावीस व्हायची. लुपेनं तिला मक्याच्या पिठाची बरोबर पिशवी दाखवली आणि आमच्या घरी पुन्हा भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला. नाताळात लुपे कणसाच्या सालीत उकडलेले तामाल पाठवायची. आई ते सोलून म्हणायची, "अगं, ही तर आपली पानगी." त्यात डुकराची चरबी असते हे बाबांना कुणी सांगितलं नाही. बाबांनीही विचारलं नाही, मुकाट्यानं तिसरा उचलला. मराठी माणसाचा धर्म हा असा भुकेला समजून घेणारा असतो.

आता आईविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाही तर पुढचं कळणार नाही. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, कराडला लग्नाच्या बँडात होते. बँड त्यांचाच होता: लाल कोट, सोनेरी फिती, आणि सगळ्यांच्या पुढे आजोबा क्लॅरोनेट घेऊन. आख्खं गाव त्यांना गणपत मास्तर म्हणायचं. बाबा कराडला इंजिनिअरिंगला असताना त्यांचं आणि आईचं जमलं. बाबांच्या घरी मोठा हलकल्लोळ झाला, जातीवरून झाला, आणि बाबांनी हट्टानं लग्न केलं. एवढं एक शूर काम त्यांनी आयुष्यात केलं आणि मग उरलेलं आयुष्य ते झाकण्यात घालवलं. मंडळात कुणी विचारलं की, "वहिनींचं माहेर कुठलं?" तर बाबा म्हणायचे, "कराड. सासरे मास्तर होते." यात एक अक्षर खोटं नव्हतं. समोरचा माणूस मान डोलवायचा, त्याच्या डोळ्यांपुढे धोतर, टोपी, खडू आणि फळा उभा राहायचा. बाबा तो तसाच उभा राहू द्यायचे. आई शेजारी बसून चिवड्यातले शेंगदाणे वेचायची.

मी शाळेत क्लॅरिनेट घेतलं ते आजोबांमुळे नाही. टेक्ससच्या शाळांत बँडाला फार मान असतो आणि बासरीसाठी रांग मोठी होती. बाबांना 'स्कूल बँड' चालत होता, कारण त्याच्या आधी 'स्कूल' होतं. आई म्हणायची, "हिचं क्लॅरोनेट आणलं का दुरुस्तीहून?" आणि बाबा लगेच दुरुस्त करायचे, "क्लॅरिनेट." आई पुढच्या वेळी पुन्हा क्लॅरोनेट म्हणायची. मला तेव्हा वाटायचं की तिला उच्चार जमत नाही.

मी सोळा वर्षांची असताना डोन्या एलोदिया वारली. ही तिकडची फार जुनी गायिका. लुपे तिला देवासारखी मानायची. एक गिटार आणि एक बाई, एवढाच तिचा सरंजाम. तिची निम्मी-अधिक गाणी एकाच विषयावर होती: सोडून गेलेल्या पुरुषाची यथासांग हजेरी. तू गेलास, बरं झालं. तुझी आठवण येत नाही, तुझा वास मात्र अजून जात नाही. लुपे कॅसेट लावून आईला एकेक ओळ समजावून सांगायची. आईला शब्द कळायच्या आधीच हसू फुटायचं. "काय बाई आहे गं ही," ती मला म्हणाली, "रडत नाही. नुसती थुंकते." आई इतकं ठासून काही बोललेली मी त्याआधी ऐकली नव्हती.

मेव्हण्यांनी ठरवलं की एलोदियाच्या गाण्यांचा ट्रिब्यूट अल्बम काढायचा. एका गिटारीवर गायलेली ती गाणी आता ट्युबा, चार ट्रॉम्बोन, तुताऱ्या, क्लॅरिनेटं आणि एक भलामोठा ढोल यांनी वाजवायची होती. लुपे खवळली. "ती आजारानं मेली, आता माझे भाऊ तिला पुन्हा मारणार," असं ती जिन्यात उभी राहून सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं म्हणाली. त्यातच क्लॅरिनेट वाजवणाऱ्या एका मेव्हण्याचं दुसऱ्या मेव्हण्याशी भांडण झालं आणि तो ह्यूस्टनला निघून गेला. चुई आमच्या दारात आला, टोपी हातात धरून. मी सराव करते तो त्याला खाली ऐकू यायचा.

"सर," तो बाबांना म्हणाला, "तुमच्या मुलीला रविवारी आमच्याबरोबर वाजवू द्या. तिचं नाव सीडीवर छापू."

बाबा त्याच्याशी गोड हसले, इंग्रजीत 'वी विल सी' म्हणाले, दार लावलं आणि मराठीत फुटले. "बँडात? माझी मुलगी बँडात वाजवणार? हे छपरं घालणारे, टायर बदलणारे, यांच्या रांगेत उभी राहून? आपल्या घरात असलं कुणी केलेलं नाही."

आई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "आपल्या म्हणजे कुणाच्या?"

भाकरी तव्यावर पडली. "रविवारी मी घेऊन जाते तिला," आई म्हणाली. तिला हायवेवर गाडी चालवायची भीती वाटायची आणि बाबांना ती भीती मोठी सोयीची होती. रविवारी ती हायवे टाळून, प्रत्येक सिग्नलला थांबत, मला घेऊन गेली.

रेकॉर्डिंग एका टायरच्या दुकानाच्या मागच्या खोलीत होतं. रविवारी दुकान बंद असायचं. खोलीत रबराचा आणि कोंबडीच्या रश्श्याचा वास होता, भिंतींना गोधड्या लावल्या होत्या. आई टायरांच्या चळतीवर पर्स मांडीवर घेऊन बसली, जशी ती डॉक्टरकडे बसायची. मी शाळेत शिकवलं तसं वाजवलं: नीटनेटकं, वेळेवर, नाकासमोर. मेव्हणे एकमेकांकडे बघायला लागले. चुई सभ्य माणूस होता, तो नुसता कान खाजवत राहिला. तेव्हा आई तिथूनच मला म्हणाली, "मंजू, परीक्षा देतेयस का? बाबा म्हणायचे, वरातीतलं क्लॅरोनेट नवऱ्यामुलासाठी नसतं. तो घोड्यावर बसलाय, त्याला दिसतंच आहे. गल्लीतल्या शेवटच्या घरात जो अंथरुणाला खिळलाय ना, त्याला कळलं पाहिजे की वरात आली."

ती 'बाबा' म्हणाली ते तिचे बाबा. मी पुढच्या वेळी त्या माणसासाठी वाजवलं. सूर थोडा फाटला, पण मेव्हणे ओरडले आणि ढोलवाल्यानं ढोलावर थाप मारली. चुईनं विचारलं की तुझी आई काय म्हणाली. मी सांगितलं की तिच्या वडिलांचं नाव गणपत, ते बँडात होते, पुढे क्लॅरिनेट वाजवायचे, त्यांचाच बँड होता. चुईनं आईकडे वळून मान झुकवली. "आह, माएस्त्रो."

"मास्तर," आई म्हणाली.

"माएस्त्रो," चुई म्हणाला.

"तेच," आई म्हणाली. स्पॅनिशमध्ये शाळेतल्या गुरुजींनाही माएस्त्रो म्हणतात आणि बँडाच्या म्होरक्यालाही. पण त्या टायरांच्या खोलीत माएस्त्रो म्हटल्यावर कुणाला खडू आणि फळा आठवला नाही.

सीडी झाली. कव्हरवर एलोदियाचा तरुणपणीचा फोटो, आणि तिच्या डोक्याभोवती मेव्हण्यांची मुंडकी गोल लावलेली, गणपतीच्या आरासीत दिव्यांची माळ लावावी तशी. ती हे बघायला जिवंत नव्हती हे बरं. आत माझं नाव होतं आणि त्यापुढे चुईनं आपल्या मनानं छापलं होतं: 'माएस्त्रो गणपत यांची नात'. आईनं ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. आजोबांचं नाव कुठेही छापलेलं मी पाहिलं ते तेवढंच.

आणि आता बाबांची कमाल बघा. दिवाळीचं जेवण त्या वर्षी कुंदाकाकूंकडे होतं. कुंदाकाकू साताऱ्याकडच्या. त्यांचं प्लेनो या श्रीमंत उपनगरात मोठं घर होतं आणि त्यांच्या मुलीला पियानोत कसलंसं पदक मिळालं होतं. त्याचं पुराण सुरू झाल्यावर बाबांना राहवेना. त्यांनी कोटाच्या खिशातून सीडी काढली. मला माहीतही नव्हतं की ती त्यांनी बरोबर आणली आहे. "आमची मंजिरी एका लॅटिन ऑर्केस्ट्रात वाजवते," ते म्हणाले. "लेजंडरी सिंगरचा ट्रिब्यूट आहे." लॅटिन ऑर्केस्ट्रा! ज्यांच्या नावानं दर शनिवारी टाच आपटली, ते मेव्हणे एका रात्रीत ऑर्केस्ट्रा झाले.

कुंदाकाकूंनी चष्मा लावून कव्हर उघडलं आणि आतलं वाचलं. "हे माएस्त्रो काय गं?"

"मास्तर," बाबांनी परस्पर सांगून टाकलं. "हिचे वडील मास्तर होते ना."

"अगं बाई, शिक्षकाच्या घरातली तू! तरीच हिला वळण आहे. कुठल्या शाळेत होते गं?"

"लाव ना आधी, कुंदा," कुणीतरी म्हणालं आणि सीडी लावली गेली. चुईच्या ट्युबानं सलामी दिली. प्लेनोच्या त्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटातल्या बशा थरथरल्या. मग ढोल आला, तुताऱ्या आल्या, आणि एक काका ओरडले, "अरे, ही तर वरात! बँडबाजा रे!" हसण्याचा स्फोट झाला. ते काका रुमालाचं टोक दातात धरून गुडघ्यावर बसले आणि नागीण होऊन डोलायला लागले. कुंदाकाकूंना हसून हसून ठसका लागला. "यार, टोटल बँडवाले आहेत," त्यांच्या मुलीनं अर्ध्या इंग्रजीत री ओढली. आणि बाबा? बाबा सगळ्यांत आधी हसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हो ना, अगदीच बँडवाले. मी हिला म्हटलं होतं."

त्या दिवशी मला माझ्या बापाची किळस आली. हा शब्द मी जाणूनबुजून वापरतेय. आता पन्नाशी उलटली, बाबाही गेले, तरी मला त्याच्याहून सौम्य शब्द सापडलेला नाही.

कुंदाकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्या लग्नाची आठवण झाली. वरातीला कराडचा बँड होता, लाल कोटवाला. पुढचा क्लॅरोनेटवाला घामानं निथळत होता, पण काय वाजवायचा मेला!" ही गोष्ट त्या दर दिवाळीला सांगत. दर दिवाळीला आई शेंगदाणे वेचत ऐकत असे.

आईनं चिवड्याची वाटी खाली ठेवली. "कुंदाताई, मघाशी शाळा विचारलीत ना? शाळा नव्हती. माझे वडील बँडमास्तर होते. कराडात लाल कोटवाला बँड एकच होता. तुमच्या वरातीत घामानं निथळत होते ते माझे वडील."

रुमालवाले काका अजून गुडघ्यावरच होते. त्यांना उठावं की डोलावं ते कळेना. बाबांचा हात आवाज कमी करायला प्लेअरकडे गेला. "राहू दे," आई म्हणाली. "मंजूचं यायचंय अजून." आणि ती सगळी भरजरी मंडळी चकल्या हातात धरून ऐकत राहिली. एलोदियाच्या गाण्यातला पुरुषाच्या तोंडावर दार आपटणारा शेवटचा अंतरा आला आणि त्यावर माझं फाटक्या सुराचं क्लॅरिनेट. अल्बम भिकारच होता, पण तेवढं एक कडवं त्या घरातल्या शेवटच्या खोलीपर्यंत गेलं.

मग कुंदाकाकू ताट घेऊन आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "जिलबी घे ना," त्या आईला म्हणाल्या.

"बँडवाल्यांना मागच्या दारी पानं मांडायचे," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, माहिती दिल्यासारखं बोलली. "त्यांची पाळी येईपर्यंत जिलबी संपलेली असायची. कुणाकडेही." तिनं दोन जिलब्या घेतल्या आणि सावकाश खाल्ल्या. तिला जिलबी फार आवडायची.

गाडी हायवेला लागल्यावर बाबा म्हणाले, "सगळ्यांसमोर हे सांगायची काय गरज होती?"

"मी काय सांगितलं? एक शब्द तर जोडला," आई म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही गाळत होतात."

आता त्याच दिवाणखान्यातल्या मंडळींची मुलं इथे लग्नाच्या वरातीला हौसेनं बांदा बोलावतात आणि ट्युबाशेजारी उभं राहून फोटो काढतात. 'फ्यूजन' म्हणतात म्हणे त्याला. मला आमंत्रणं येतात. मी जाते, जेवते, आणि बँडवाल्यांना कुठे वाढलंय ते बघून येते. बहुतेक ठिकाणी ते किचनच्या मागे, आपल्या गाड्यांपाशी, कागदी ताटल्या घेऊन उभे असतात.

बाबा सुधारले, असं लिहिलं तर ते खोटं होईल. ते नुसते सावध झाले. त्या दिवाळीनंतर मंडळात कुणी नवीन माणूस भेटला आणि त्यानं वहिनींच्या माहेराची चौकशी केली, तर बाबा 'मास्तर' हा शब्दच तोंडातून काढत नसत. "सासरे ना? ते वारले," एवढं म्हणून ते विषय मिटवायला बघत. समोरचा 'अरेरे' म्हणण्यासाठी तोंड उघडायचा, आणि तेवढ्यात शेजारून आई म्हणायची, "वारायच्या आधी बँडमास्तर होते."